शेवटी भुरभुरायचं पीठ

सोयाबीन भाजायला घेतलं की पहिली आठ-दहा मिनिटं काहीच घडत नाही. दाणे कढईत नुसते घरंगळत राहतात. आच मंद, हात हलता, आणि नाकाला येतो तो कच्चट, हिरवट वास. याच वासापायी आपल्याकडच्या कितीतरी घरांत सोयाबीन एकदा आलं ते पुन्हा आलं नाही. मग एक दाणा तडकतो. पाठोपाठ दुसरा. साल चिरते, आतला फिकट पिवळा दाणा बदामी व्हायला लागतो आणि बघता बघता स्वयंपाकघराचा वास पालटतो. चणे-फुटाण्यांच्या भट्टीवरून जाताना येतो तसा खमंग, पण त्याहून जड, भाजक्या शेंगदाण्याकडे झुकणारा. इथे घाई करायची नाही, उशीरही करायचा नाही. एक दाणा दाताखाली फोडून पाहायचा. मधोमध कच्चेपणा उरला नसेल आणि करपट कडूपणा आला नसेल तर कढई उतरवून दाणे लगेच परातीत पसरायचे, कारण तापल्या कढईत ते आपले भाजतच राहतात.

गार झाले की दळायचे, चाळायचे. एवढंच. ना मीठ, ना साखर, ना हळद. या पिठाला जपानमध्ये किनाको म्हणतात. 'को' म्हणजे पूड आणि 'किना' म्हणजे पिवळी. इतकं साधं नाव की त्याच्यामागे काही असेल असं वाटूच नये. पुढच्या पानांत या पिठाच्या पाककृती आहेत; त्यांच्याआधी हे पीठ जिथलं आहे तिथे वाचकांना एकदा नेऊन आणावं, म्हणून ही प्रस्तावना.

जपानी स्वयंपाकातलं सोयाबीन म्हटलं की डोळ्यांपुढे येतात शोयू म्हणजे सोया सॉस, मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा खारट लगदा, तोफू, आणि नात्तो म्हणजे आंबवलेले चिकट दाणे. हे सगळे पाण्याचे आणि वेळेचे प्रकार. तोफूसाठी सोयाबीन भिजवा, वाटा, उकळा, गाळा, मग त्या दुधाला समुद्राच्या खारांनी किंवा तशाच कशाने विरजण लावावं तसं साखळवा. मिसो आणि शोयूला तर कोजी नावाची बुरशी लागते, मीठ लागतं, आणि महिनोन्महिने, कधी वर्षंही लागतात. नात्तो जिवाणूंच्या स्वाधीन करावा लागतो. किनाको या कुटुंबातलं असून वेगळ्या वाटेने गेलेलं आहे. त्याला पाणी चालत नाही, आंबवण नाही, मुरवण नाही. आग आणि जातं, बस्स. पूर्वी घरोघरी होरोकु नावाचं मातीचं उथळ, बिनलुकणाचं खापर असे. त्यात सोयाबीन, तीळ, चहाची पानं, सगळं भाजलं जाई. भाजलेले दाणे इशिउसु म्हणजे दगडी जात्यावर दळायचे. खापर आणि जातं. या दोन वस्तू ज्या मुलखात शेजारी शेजारी नांदल्या, तिथल्या कुठल्याही बाईला किनाको समजावून सांगावं लागणार नाही.

तरी एक गोष्ट समजायला मला वेळ लागला. 'पीठ' म्हटलं की आपल्या मनात कामाची सुरुवात असते. पीठ भिजवायचं, मळायचं, तिंबायचं, थापायचं, तळायचं. किनाको हे शेवटी येणारं पीठ आहे. त्याचं शिजणं, भाजणं सगळं आधीच उरकलेलं असतं. ते पदार्थात जात नाही, पदार्थावर पडतं. सगळं झाल्यावर, वाढताना, कधी कधी तर खाणाऱ्याच्या हातून. आपल्याकडे असं पीठ शोधायचं तर मेतकूट आठवतं. गुरगुट्या भात, वर तूप, वर मेतकूट. मऊ, चिकट, सौम्य तांदळावर कोरडं, भाजकं, खमंग कडधान्य. मोचीवर किनाको घालणं म्हणजे हेच. मोची ही चिकट तांदूळ वाफवून, उखळात कुटून केलेली लवचीक गोळी. तिला स्वतःची चव जवळपास नसते, असतो तो नुसता मऊपणा. त्या मऊपणाला कोरडा खमंगपणा हवा असतो. मेतकुटात मसाले आहेत, किनाको साधं आहे, आणि या दोघांत देवाणघेवाण झाली असं मी अजिबात म्हणत नाही. पण भात आणि कडधान्य दोन्ही पिकवणारी माणसं हजारो मैलांच्या अंतरावर एकाच युक्तीपाशी पोचली, याचं मला फार अप्रूप वाटतं. त्यात शहाणपणही आहे. तांदळाच्या प्रथिनात लायसिन कमी असतं आणि कडधान्यात ते भरपूर. जिभेने जमवलेली जोडी शरीरालाही मानवली.

मी जपानातल्या नारा शहरात राहत असताना पहिल्याच नववर्षाला शेजारच्या आजींनी सकाळी जेवायला बोलावलं. जपानात १ जानेवारीला घरोघरी ओझोनी करतात, म्हणजे मोची घातलेलं सूप, आणि ते प्रांताप्रांतात बदलतं. तोक्योकडे चौकोनी मोची आणि निवळ रस्सा. कान्साईत, म्हणजे क्योतो-ओसाकाच्या बाजूला, गोल मोची आणि पांढऱ्या मिसोचा दाट रस्सा. आजींच्या वाटीत पांढरा मिसो, मुळा, गाजर, अळूचे छोटे कंद, तोफू आणि तळाशी बसलेली गोल मोची होती. बाजूला एका बशीत साखर घातलेलं किनाको. मला वाटलं, हे जेवणानंतरचं गोड. मी रस्सा पिऊन मोचीला हात घातला तशी आजी थांबा म्हणाल्या. त्यांनी स्वतःच्या वाटीतून मोची चॉपस्टिकने वर उचलली, रस्सा निथळू दिला, आणि ती ओली, वाफाळती मोची थेट किनाकोत घोळवली. पिवळ्या पिठाने मोची क्षणात अंगभर माखली. मग मला म्हणाल्या, "आधी श्वास सोडून घ्या, मग घास तोंडात घ्या. घास ओठांशी असताना श्वास आत ओढला तर ठसका लागतो."

खारट मिसोची चव आतून आणि गोड भाजकं पीठ बाहेरून. पहिल्या घासाला जीभ गोंधळली. दुसऱ्या घासाला मात्र कळलं की हे गोड आणि खारट यांचं भांडण नव्हे. पुरणपोळीबरोबर कटाची आमटी जेवणाऱ्या माणसाला ते परकं वाटायचं कारणच नाही. नाराबाहेर फारसं कुणी असं खात नाही, क्योतोतल्या माझ्या मैत्रिणीलाही ते नवीन होतं. पिवळा रंग पिकलेल्या भाताचा, म्हणून नव्या वर्षाच्या पहिल्या घासाला तो असावा, असं आजींनी सांगितलं. मध्य जपानच्या डोंगराळ भागात भातलावणीच्या दिवसांत होओ नावाच्या झाडाच्या रुंद पानांत गरम भात आणि किनाको बांधून शेतावर नेण्याची रीतही होती. पान गरम भाताने वाफाळलं की त्याचा वास किनाकोत उतरतो. केळीच्या पानाचा वास भाताला लागतो तसा.

किनाकोची सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट मात्र शिझुओकाची. शोगुनपदावरून, म्हणजे जपानच्या लष्करी सत्ताधीशाच्या पदावरून, निवृत्त झालेला तोकुगावा इएयासु १६०७ मध्ये सुन्पुच्या किल्ल्यात राहायला आला. सुन्पु म्हणजे आजचं शिझुओका. तिथून आबे नदी वाहते आणि तिच्या वरच्या अंगाला तेव्हा सोन्याच्या खाणी होत्या. आख्यायिका अशी की नदीकाठच्या एका चहावाल्याने इएयासुला किनाको लावलेली मोची दिली आणि सांगितलं, हे आबे नदीच्या वाळूतलं सोनं आहे. 'किन' म्हणजे सोनं. पिवळ्या पुडीची सोन्याची पूड झाली. इएयासु खूश झाला आणि त्याने त्या मोचीला नदीचं नाव दिलं: आबेकावा मोची. गोष्ट खरी असो वा मागून जुळवलेली, तोकाइदो महामार्गावरून एदोला, म्हणजे आजच्या तोक्योला, जाणारी-येणारी माणसं आबेच्या काठी थांबून ही मोची खात, हे खरं आहे. जिप्पेन्शा इक्कु या लेखकाने १८०२ पासून लिहिलेल्या 'तोकाइदोचू हिझाकुरिगे' या प्रवासी विनोदी कथेतही ती येते. इक्कु स्वतः सुन्पुचाच. त्या काळी पांढरी साखर दुर्मीळ होती, आणि आबेकावा मोचीवर किनाकोबरोबर ती साखर भुरभुरलेली असे. वाटसरूला त्या बशीची नवलाई वाटायची ती पिठाइतकीच साखरेची.

मला या आख्यायिकेत सोन्यापेक्षा आवडतो तो चहावाला. त्याच्याकडे एवढ्या सत्ताधीशाला देण्यासारखं काही नव्हतं. होतं ते घरचं सोयाबीन आणि हातचलाखी करणारी जीभ.

आबेकावा मोची पुढे नुसती शिझुओकाची राहिली नाही. शेजारच्या यामानाशी प्रांतात ओबोनला, म्हणजे पितर घरी येतात त्या दिवसांत, किनाको आणि कुरोमित्सु घातलेली मोची करत. कुरोमित्सु हा काळ्या साखरेचा पाक. चाटून पाहिला तर कोल्हापूरच्या माणसाला काकवी आठवल्याशिवाय राहणार नाही. १९६८ मध्ये किक्योया या मिठाईवाल्यांनी हाच घरगुती पदार्थ एकट्याने खाता येईल अशा छोट्या डब्यात बसवला आणि तिथल्या जुन्या सरदाराचं, ताकेदा शिन्गेनचं नाव त्याला दिलं. शिन्गेन मोची उघडणं हा एक सोहळा असतो. चौकोनी प्लास्टिकच्या रुमालाला वर गाठ मारलेली असते. गाठ सोडली की आत चिमुकला डबा; त्यात काठोकाठ किनाको आणि त्या पिठाखाली दडलेले मोचीचे तीन तुकडे. वर बोटाएवढी कुरोमित्सुची बाटली. डबा इतका भरलेला की पाक कुठे ओतायचा हा प्रश्न पडतो. जाणकार लोक रुमाल पसरतात, डबा त्यावर उलटा करतात, पाक ओततात आणि रुमालाची चार टोकं धरून बाहेरूनच सगळं मळतात. कोरडं पीठ पाक पिऊन काळसर, चकचकीत होतं. काही जागी कोरडंच राहतं. दोन्हीची मजा वेगळी, म्हणून फार मळू नये.

कुरोमित्सु आणि किनाको ही जोडी एकदा जमली की कुठे कुठे भेटते. वाराबी मोचीत तर ती हवीच. वाराबी म्हणजे एक रानटी नेचा. त्याच्या मुळांतून काढलेल्या सत्त्वाची ही मोची काळपट, थरथरती, तोंडात टाकताच विरघळणारी. खऱ्या वाराबीचं सत्त्व फार थोडं निघतं आणि महाग पडतं, म्हणून आज बहुतेक ठिकाणी रताळ्याचं किंवा टॅपिओकाचं सत्त्व वापरतात. अशा सत्त्वाची मोची पारदर्शक आणि लवचीक होते, चवीला ठीकच. पण उन्हाळ्यात गार पाण्यातून काढलेली आणि किनाकोत लोळवलेली असली तर तीही आवडते. तोक्योच्या कामेइदो देवळाजवळचं फुनाबाशिया हे १८०५ सालचं दुकान कुझुमोची विकतं. ती गव्हाच्या सत्त्वाची. सत्त्व सुमारे ४५० दिवस आंबवायचं, मग वाफवायचं, आणि खायची मुदत दोन दिवस. इतका वेळ घेणाऱ्या पदार्थावर शेवटी येतं ते काही मिनिटांत भाजून दळलेलं पीठ. मला हे आवडतं. त्या आंबवलेल्या सत्त्वाची बारीकशी आंबूस चव किनाकोखाली अगदी नेमकी लागते.

ओहागीबद्दल मात्र थोडं थांबून लिहायला हवं. वर्षातून दोनदा, वसंत आणि शरद संपाताच्या आठवड्यात, जपानी माणूस पितरांची आठवण करतो. त्याला हिगान म्हणतात. कबरी धुतात, फुलं वाहतात, आणि ओहागी करतात. चिकट तांदूळ शिजवून अर्धवट कुटायचा, म्हणजे दाणा थोडा राहील असा. त्याचे गोळे करून वर लाल अझुकीच्या दाण्यांचं गोड पुरण लिंपायचं. किनाकोची ओहागी करताना हे उलटं होतं. पुरण आत जातं, भात बाहेर येतो आणि त्यावर किनाको. कारण किनाको पुरणासारखं चिकटवून बसवता येत नाही, ते ओल्या भातालाच धरतं. शरदात तिला हागी या फुलझाडावरून ओहागी म्हणतात आणि वसंतात बोतान या फुलावरून बोतामोची. देवघरासमोर ठेवलेल्या ताटात एक पुरणाची, एक काळ्या तिळाची आणि एक किनाकोची, अशा तीन रंगांच्या ओहागी मी पाहिल्या आहेत. पितरांसाठी ठेवलेलं ते ताट आणि आपल्या पितृपक्षातलं ताट. त्यावर मी काही जास्त लिहीत नाही.

भाजलेलं सोयाबीन जपानात पिठाआधी दाण्याच्या रूपातही महत्त्वाचं आहे. सेत्सुबुनला, बहुधा ३ फेब्रुवारीला, घरात भाजलेले दाणे फेकतात: राक्षस बाहेर, सुख आत. २०२१ मध्ये तो २ फेब्रुवारीला आला, १८९७ नंतर पहिल्यांदाच, आणि टीव्हीवर त्याची बातमी झाली. दाणे भाजलेलेच हवेत, कारण कच्चा दाणा कुठे कोपऱ्यात पडून उगवला तर अशुभ. 'मामे' म्हणजे दाणा, आणि त्याच उच्चाराचा शब्द धट्टाकट्टा, कामसू अशा अर्थानेही येतो. फेकून झाले की आपल्या वयाइतके दाणे मोजून खायचे. आमच्या गल्लीतल्या आजी-आजोबांना सत्तर-ऐंशी दाणे कुठले चावायला. उरलेले दाणे जात्यात किंवा मिक्सरमध्ये जात आणि फेब्रुवारीचं पहिलं किनाको तयार होई. तसं सेत्सुबुननंतरचं किनाको मला दरवर्षी एका डब्यातून मिळायचं.

मुलांच्या जगातही ते आहे. १९५२ मध्ये तोक्योच्या ओता भागातल्या एका प्राथमिक शाळेत, आजारी मुलांच्या घरी पाठवायचा पाव वाटेत कडक होतो, म्हणून स्वयंपाक्याने तो तळून वर साखर लावली. त्यातून आगेपान निघाला. पुढे साखरेच्या जोडीला किनाको आलं, आणि आज साठीतल्या जपानी माणसाला शाळेतलं जेवण म्हणून हटकून आठवतो तो किनाको लावलेला आगेपान. नाक्यावरच्या जुन्या दुकानांत किनाकोबो मिळते: पाक आणि किनाको मळून केलेल्या गोळ्या काड्यांना टोचलेल्या. काडीचं टोक लाल निघालं तर आणखी एक फुकट.

इथे माझं मघाचं म्हणणं थोडं मोडतं. किनाको शेवटीच येतं असं म्हटलं, पण ते मळलंही जातं. सैतामामधल्या कुमागायाचं गोकाबो पाहा: फुलवलेल्या तांदळाचा गाभा पाकात बांधायचा आणि त्याला किनाकोच्या मळलेल्या पापुद्र्यात गुंडाळायचं. क्योतोची सुहामा तर निव्वळ भाजलेल्या सोयाबीनचं पीठ, साखर आणि मिझुआमे नावाचा घट्ट गोड पाक यांची. समुद्रकाठच्या वाळूच्या दांड्यासारखी तीन पाकळ्यांची कड असते, म्हणून तिला ते नाव. चहासमारंभात तिचा एक पातळ काप मिळतो आणि तो जिभेवर ठेवला की सोयाबीनच्या लाडवासारखा विरतो. लाडू हा शब्द मी जाणून वापरते. भाजलेलं पीठ, गोड आणि बांधणी, या तीन गोष्टींनी दुसरं काय होणार? फरक इतकाच की तूप नाही. सोयाबीनमध्येच तेल भरपूर असतं. १०० ग्रॅम किनाकोत साधारण ३६ ग्रॅम प्रथिनं आणि २५ ग्रॅम स्निग्ध असतं. पण हे आकडे वाचून कुणी डबे भरून खायला निघू नये. मोचीवर पडतं ते चमचाभर, सहा-सात ग्रॅम. त्यातून अडीच ग्रॅम प्रथिनं मिळतात. हे औषध नव्हे, खमंग पीठ आहे, आणि तसंच ते खावं. ज्यांना सोयाबीनची ॲलर्जी आहे त्यांनी अर्थातच लांब राहावं.

किनाकोचे रंगही वेगवेगळे. हिरव्या सोयाबीनचं किनाको फिकट हिरवं. त्याला उगुइसु पक्ष्याचं नाव आहे, वसंताची वर्दी देणारा तो छोटा पक्षी. ते कमी भाजतात, रंग टिकावा म्हणून, आणि त्याची चव शेंगांसारखी ताजी लागते. काळ्या सोयाबीनचं करडं, थोडं गोडसर. पिवळ्याचंही कमी भाजलेलं आणि जास्त भाजलेलं असे दोन तऱ्हेचे डबे दुकानात शेजारी असतात. जास्त भाजलेलं तपकिरी आणि जवळपास कॉफीच्या कडेला जाणारं. माझं मत जास्त भाजलेल्याच्या बाजूने आहे. गोड पदार्थावर फिकं किनाको पडलं की साखरेखाली हरवतं.

आणि साखरेबरोबर मीठ. चिमूटभर मिठाशिवाय किनाको सपक लागतं, हे विसरू नये. घरी साखर आणि किनाको साधारण समान घेतात, कुणी साखर कमी. मिठाची चिमूट मात्र प्रत्येक घरात असते.

जपान आज आपल्या सोयाबीनच्या दहातले नऊपेक्षा जास्त हिस्से बाहेरून आणतो, मुख्यतः अमेरिका, ब्राझील आणि कॅनडातून. त्यातला मोठा भाग तेल आणि पशुखाद्यात जातो. किनाकोच्या पाकिटावर 'होक्काइदोचं सोयाबीन' असं ठळक छापलेलं असतं ते यामुळेच. आपलं चित्र याच्या उलट आहे आणि तितकंच अपुरं. महाराष्ट्रात खरिपात ४५ लाख हेक्टरांहून जास्त क्षेत्र सोयाबीनखाली असतं. लातूर, धाराशिव, वाशिम, अमरावतीच्या बाजूला पावसाळ्यात एसटीच्या खिडकीतून दोन्ही बाजूंना तेच दिसतं. तरी ज्याच्या शेतात सोयाबीन, त्याच्या ताटात ते क्वचितच. ते तेल गिरणीला जातं, पेंड निघते, पेंड कोंबड्यांना जाते. घरात आलंच तर गव्हात मूठभर घालून दळून आणायचं, आणि पोळीला वास येतो म्हणून तेही बंद.

त्या वासाचं कारण या पिठाने मला शिकवलं. सोयाबीनच्या दाण्यात लिपॉक्सिजनेज नावाचं विकर असतं. कच्चा दाणा फुटला आणि ओलावा मिळाला की ते दाण्यातल्या तेलावर काम करतं आणि तो हिरवट, गवतासारखा वास तयार होतो. आधी कोरडं भाजून घेतलं की विकर निकामी होतं, मग दळा. शिवाय कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारा ट्रिप्सिन रोधक असतो. भाजल्याने तोही बराचसा जातो. इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेने हा रोधक नसलेलं एनआरसी १२७ आणि हा रोधक व वासाचं एक विकर दोन्ही नसलेलं एनआरसी १४२ असे वाण काढले आहेत. पुण्याची आघारकर संशोधन संस्था तर किती वर्षांपासून एमएसीएस मालिकेतले वाण देते आहे. वाण बदलायला वेळ लागेल. कढई तोवर घरात आहेच.

घरी करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी, कारण त्या पाककृतींत सुटून जातात. मिक्सर सलग फिरवू नये. तेल सुटतं आणि पिठाचा गोळा होतो. थांबून थांबून फिरवावा, चाळावं, वरचा भरडा पुन्हा फिरवावा. आणि एका वेळी पंधरा दिवसांपुरतंच करावं. किनाको वास शोषून घेतं आणि त्यातलं तेल खवट होतं. डबा उघडल्यावर वास आधी नाकाला भेटला नाही, तर ते किनाको नुसतं पिवळं पीठ उरलेलं असतं.

गेल्या पावसाळ्यात लातूरहून आलेल्या सोयाबीनचं किनाको मी साताऱ्याला आईकडे घेऊन गेले. मोची कुठून आणणार. आईने चिमूटभर चाखून पाहिलं आणि काही न विचारता रात्रीचा भात जास्त पाणी घालून मऊ केला. ताटात भात, वर तूप, वर किनाको आणि मीठ. दोन घास शांतपणे खाल्ल्यावर म्हणाली, "चांगलं लागतंय. थोडं जिरं हवं होतं." मग डबा उघडून पुन्हा वास घेतला आणि म्हणाली, "आणि पुढच्या वेळी अजून पाच मिनिटं भाज."